बाबा तर छान बोलले की!

शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. जेद्दाच्या उत्तरेला, तांबड्या समुद्राच्या काठी थुवल म्हणून गाव आहे, तिथे मी राहते. सकाळी दहाला चहाचा कप घेऊन फोन लावला की सांगलीत साडेबारा वाजलेले असतात. आईचा कुकर झालेला असतो आणि बाबा आंघोळ करून, शर्टाची वरची गुंडी लावून खुर्चीत बसलेले असतात. “काय गं, उकाडा आहे का तिकडे? प्रयोग काय म्हणतात? जेवलीस का?” दहा मिनिटं गप्पा होतात. मग फोन आईकडे जातो.

अशाच एका शुक्रवारी आई स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात म्हणाली, “काल रात्री तीन वेळा उठले. शाळेला उशीर झाला म्हणून दार वाजवत होते.” बाबा गणिताचे शिक्षक होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मी म्हणाले, “अगं, पण आत्ता तर किती छान बोलले की!”

आई काही बोलली नाही. त्यानंतर चार-पाच महिने मला एकच उत्तर मिळत राहिलं: “बरे आहेत.”

तुम्ही दुबईत असा, डॅलसमध्ये असा की डोंबिवलीत राहून रत्नागिरीला फोन करणारे असा, तुमच्या आठवड्यात असा एखादा फोन असेल, तर मी काय चूक केली ते आधी सांगते. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर मी दहा मिनिटांच्या नमुन्यावरून चोवीस तासांचा निष्कर्ष काढला. आणि नमुनाही असा, की जो चुकीचाच असणार होता.

त्याचं कारण मेंदूत आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा एकच आजार नाही. अनेक आजारांमुळे होणाऱ्या लक्षणांचं ते नाव आहे, आणि त्या आजारांत अल्झायमर सगळ्यात जास्त आढळतो. अल्झायमरमध्ये बिघाडाची सुरुवात साधारणपणे कानामागच्या बाजूला खोल असलेल्या हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागात होते. आज काय घडलं याची नोंद करून ठेवणं हे त्या भागाचं काम. पण “जेवलीस का” विचारायला आजची नोंद लागत नाही. पन्नास-साठ वर्षं रोज केलेल्या गोष्टी, म्हणजे नमस्कार, चौकशी, हसून वेळ मारून नेणं, मेंदूत वेगळ्या वाटांनी पक्क्या झालेल्या असतात आणि बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत राहतात. फोनवरच्या गप्पा बहुतेक अशाच गोष्टींच्या असतात. शिवाय माणूस पाहुण्यांसमोर स्वतःला सावरतो. त्यात खूप शक्ती जाते, आणि फोन ठेवल्यावर तो थकून चिडचिडा होतो. म्हणजे आपल्याला छान दहा मिनिटं मिळतात आणि त्यांची किंमत घरातलं माणूस दुपारभर चुकवतं. डॉक्टरांच्या खोलीतही हेच होतं. तिथे रुग्ण असा काही नीट बोलतो, की घेऊन आलेली बायको खोटी ठरते.

चोरीच्या आरोपाचंही असंच. पेन्शनचे पैसे कपाटात नाहीत. ते आपणच बँकेच्या पासबुकात घालून गादीखाली ठेवले, ही नोंद मेंदूत झालेलीच नाही. पण मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही, शक्य वाटेल अशी गोष्ट रचून ती भरतो. पैसे गेले, म्हणजे कुणीतरी घेतले. घरात कोण आहे? बायको किंवा सून. म्हणून जो सगळ्यात जास्त करतो, त्याच्यावरच आळ येतो. आता लांब राहणाऱ्या मुलाला दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. एक बाजू फोनवर अगदी व्यवस्थित, गंभीर आवाजात बोलते. दुसरी थकलेली असते, वैतागलेली असते आणि एखादं वाक्य वाकडं बोलून जाते. यातलं कोण खरं वाटेल?

घरातली माणसं हे बाहेर का बोलत नाहीत, यावर आपल्या शेजारीच, गोव्यात, एक लक्षात ठेवण्यासारखा अभ्यास झाला आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वृद्धांशी, डॉक्टरांशी आणि गावातल्या आरोग्यसेविकांशी गटागटाने चर्चा केल्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्णन त्यांच्यापुढे ठेवलं. वर्णन सगळ्यांनी ओळखलं, पण तो आजार आहे असं कुणाला वाटलं नाही. म्हातारपणी असं व्हायचंच, ही समजूत होती. आणि कारण काय सांगितलं गेलं? मुलांनी हेळसांड केली, माया लावली नाही, छळलं, म्हणून असं होतं.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे घरात हा आजार आहे असं सांगणं म्हणजे आम्ही नीट सांभाळत नाही अशी कबुली देणं. मग कोण सांगेल? आपल्याकडे “साठी बुद्धी नाठी” आणि “म्हातारचळ” हे शब्द तयार आहेतच. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सौदी सहकारिणीच्या आजीला हाच आजार आहे. ती म्हणाली, अरबीत याला ‘खरफ’ म्हणतात आणि आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही, कारण तो शिवीसारखा लागतो. ‘अल्झायमर’ हा परका शब्द आला आणि आजीबद्दल बोलता यायला लागलं. मला हसू आलं, कारण आईनेही शेजारच्या काकूंना शेवटी सांगितलं ते “यांना अल्झायमर आहे” असंच. परक्या शब्दात अपमान नसतो.

आई आधारगटात कशी गेली ते मला उशिरा कळलं. मिरजेत एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा आठ-दहा जण जमतात. सगळे घरी कुणाला तरी सांभाळणारे. तिथे कुणी व्याख्यान देत नाही. एक समुपदेशक असतात, त्या बहुतेक वेळ गप्प बसतात. (पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि तशा काही मराठी स्वमदत गटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला आधी हे शब्द जरा गोडगोड वाटले होते. पण ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’ म्हणून पाहा. त्यात नात्याचा पत्ताच नसतो.)

पहिल्या दिवशी आई काही बोलली नव्हती म्हणे. एक गृहस्थ सांगत होते, की त्यांची पत्नी त्यांना ओळखत नाही आणि रात्री परका पुरुष घरात शिरला म्हणून ओरडते. शेजारी दार ठोठावतात. सांगता सांगता ते हसले आणि सगळे हसले. आई म्हणाली, “बाहेर कुणी हसलं असतं, तर राग आला असता.”

मग कामाच्या गोष्टी निघाल्या, आणि इथेच गटाची खरी किंमत आहे असं मला वाटतं. एकीने सांगितलं, शाळेला निघाले तर “तुम्ही रिटायर झालात” म्हणू नका. त्यांच्यासाठी ती बातमी रोज नवी असते. “आज शाळेला सुट्टी आहे” म्हणा. दुसऱ्याने सांगितलं, दाराला आतून पडदा लावा, दार दिसलं नाही तर बाहेर जायची आठवण कमी होते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि सही जुळत नाही म्हणून हेलपाटे होतात, तर बोटाच्या ठशावर डिजिटल दाखला काढा आणि बँकेची कामं सही जमते आहे तोवर उरकून घ्या. हे कुठल्याही शोधनिबंधात मी वाचलं नव्हतं. डॉक्टरांना यासाठी वेळ नसतो, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. रात्री तीन वाजता काय करायचं, हे रात्री तीन वाजता जागं असलेल्यालाच ठाऊक असतं.

पण मी संशोधक आहे. आईला बरं वाटतं एवढ्यावर माझं समाधान होईना. याला पुरावा काय?

या विषयातला एक जुना आणि छोटा अभ्यास मला सगळ्यात धक्का देऊन गेला. १९८० साली अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या २९ जणांना सांभाळणाऱ्यांना विचारलं, तुमच्यावर किती भार आहे? अपेक्षा अशी, की रुग्ण जितका त्रास देतो, तितका भार जास्त. तसं निघालं नाही. भाराचा संबंध रुग्णाच्या वर्तनाशी दिसला नाही. तो दिसला इतर नातेवाईक किती वेळा भेटायला येतात याच्याशी. भेटी जास्त, तर भार कमी. २९ हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण पुढची चाळीस वर्षं संशोधक ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिले, तो तेव्हाच विचारला गेला होता. भार मोजायला आजही झॅरिट यांच्या नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात.

भार नुसता मनावर नसतो. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ साली एक साधा, किंचित निर्दय प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशाच वयाच्या, पण ती जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटात सरासरी ३९ दिवस लागले, सांभाळणाऱ्यांना जवळजवळ ४९. सततच्या ताणाने प्रतिकारशक्तीची यंत्रणा मंदावते, आणि ते कातडीवर दिसतं.

मग सांभाळणारे लवकर मरतात का? १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी दाखवलं, की जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांत चार वर्षांतला मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. हा आकडा वर्तमानपत्रांना फार आवडतो. पण २०१३ साली रॉथ आणि सहकाऱ्यांनी साडेतीन हजार सांभाळणाऱ्यांची तुलना तितक्याच इतरांशी केली, तेव्हा सांभाळणाऱ्यांचाच मृत्युदर १८ टक्क्यांनी कमी निघाला. यात वाटतो तितका विरोध नाही. जुना अभ्यास नीट वाचला तर त्यातही सांभाळणाऱ्या पण ताण नसलेल्या लोकांचा धोका वाढलेला नव्हता. माणूस सांभाळण्याने खचत नाही, एकट्याने सांभाळण्याने खचतो, असा मी त्याचा अर्थ लावते. हे माझं वाचन आहे, तुम्ही वेगळं वाचू शकता.

आता मुख्य प्रयोग. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन यांनी १९८७ पासून अल्झायमरच्या रुग्णांचे ४०६ जोडीदार अभ्यासात घेतले. निम्म्यांना नेहमीची मदत. उरलेल्यांना चार महिन्यांत समुपदेशनाच्या सहा बैठका, मग आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला. ज्यांना ही मदत मिळाली, त्यांच्या घरचा रुग्ण शुश्रूषागृहात पाठवायची वेळ सरासरी ५५७ दिवस पुढे गेली. दीड वर्ष! त्या काळातल्या कुठल्याही औषधाला असलं काही जमलेलं नव्हतं.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच आकड्याने. त्या सहा बैठकांपैकी सांभाळणाऱ्याच्या एकट्याच्या फक्त दोन होत्या. चार होत्या इतर नातेवाइकांसकट, म्हणजे मुलं, सुना, भावंडं. रुग्ण त्यांत नसे. आणि २००६ साली जेव्हा हा परिणाम नेमका कशामुळे झाला याचं गणित मांडलं, तेव्हा त्यातला ६१ टक्के भाग तीन गोष्टींनी समजावता आला: सांभाळणाऱ्याचं नैराश्य कमी झालं, रुग्णाच्या वागण्याचा त्रास कमी वाटू लागला आणि आपल्याला मिळणाऱ्या आधाराबद्दल समाधान वाढलं. रुग्ण सुधारला नव्हता. भोवतालची माणसं सुधारली होती.

म्हणून “आईला गटात घाला, तिला बरं वाटेल” एवढं म्हणून आपली सुटका होत नाही. हेन्री ब्रोडाटी यांनी २००३ साली ३० अभ्यास एकत्र तपासले. सांभाळणाऱ्यांची माहिती वाढते, मनाचा त्रास थोडा कमी होतो. पण भार फारसा हलत नाही, असं निघालं. नुसत्या गप्पा पुरत नाहीत. लंडनमध्ये जिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटाने २६० सांभाळणाऱ्यांवर जो प्रयोग केला (२०१३), त्यात आठ बैठकांत ठरावीक कौशल्यं शिकवली आणि नैराश्यावरचा परिणाम सहा वर्षांनीही टिकला. हे शिकवणारे ज्येष्ठ तज्ज्ञ नव्हते, मानसशास्त्राचे नुकतेच पदवीधर झालेले तरुण होते.

आणि एक अडचण तर उघड आहे. ज्याला गटाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच घर सोडता येत नाही. मागे कोण बसणार?

याचं उत्तर गोव्याने दिलं. मार्टिन प्रिन्स यांच्या पुढाकाराने १९९८ साली कोचीनमध्ये १०/६६ नावाचा संशोधकांचा गट स्थापन झाला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावर संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, म्हणून हे नाव. त्याच प्रवाहात गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ‘संगत’ संस्था आणि गोव्याची डिमेन्शिया सोसायटी यांच्या मदतीने ८१ कुटुंबांचा प्रयोग केला. बारावीपर्यंत शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे कार्यकर्ते निवडले आणि त्यांना एक आठवडा प्रशिक्षण दिलं. त्यांच्यामागे एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ. कार्यकर्ते सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, घरी जात. हा आजार आहे, तुमचा दोष नाही, हे सांगत. आंघोळीला नकार दिला तर काय करायचं ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून देत. २००८ साली निष्कर्ष छापून आले: सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा क्लेश कमी झाला. भाराचा आकडा मात्र इथेही खात्रीने सांगावा इतका घटला नाही. सहा महिन्यांत १८ रुग्ण दगावले, म्हणजे ही घरं किती उशिरा मदतीपर्यंत पोचली होती ते पाहा. न्यूयॉर्कची मोजपट्टी इथे लागूच नव्हती, कारण शुश्रूषागृहात पाठवणं हा पर्याय यांतल्या बहुतेकांकडे नव्हताच. भारतात आज ६० वर्षांवरचे अंदाजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांतले जवळजवळ सगळे कुणाच्या तरी घरात आहेत.

मी जिथे राहते, तिथेही ते घरातच आहेत. रियाधमध्ये २००९ साली सौदी अल्झायमर संघटना स्थापन झाली. माझ्या सहकारिणीच्या दोन मावश्यांनी तिच्याकडूनच हा आजार समजून घेतला. पण मी विचारलं, “रात्री आजीजवळ कोण झोपतं?” ती म्हणाली, घरकामाला असलेली इंडोनेशियन बाई. अरबी जेमतेम येतं तिला. तिला कुणी काही समजावून सांगितलं का? सहकारिणी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. आपल्याकडेही ब्यूरोतून ठेवलेल्या मावशी असतात. आधारगटात त्यांना कुणी नेत नाही.

“मग आईबाबांना इकडेच घेऊन ये की,” असं जेद्दातले मराठी मित्र प्रेमाने म्हणतात. व्हिजिट व्हिसावर दोन महिने आणलं होतं, निदान व्हायच्या आधी. सांगलीच्या घरात बाबांना अंधारातही मोरी सापडायची, कारण तो रस्ता पायांना पाठ होता. इथे तो नकाशाच नव्हता. ते रोज संध्याकाळी चप्पल घालून दाराशी उभे राहायचे, “चला, आता घरी जाऊ.” आम्ही याला कंटाळा समजलो. जागा बदलली की लपलेला गोंधळ उघडा पडतो, हे मला तेव्हा माहीत असतं, तर निदान वर्षभर आधी झालं असतं.

आता मी काय करते? गटाच्या दिवशी घरी तीन तास बसायला एक मावशी येतात, त्यांचे पैसे मी देते. या तीन तासांचा वाद आईशी दोन महिने चालला होता, “कशाला खर्च” वगैरे. भाऊ पुण्याहून त्या शनिवारी येतो. समुपदेशकांनी आम्हा तिघांची एक बैठक फोनवर घेतली, आणि तिथे मी आईला “बाबा छान बोलले की” बद्दल सॉरी म्हणाले. आईला ते वाक्य आठवत होतं, तारखेसकट. शुक्रवारी मी आता आधी आईला फोन लावते आणि “बाबा कसे आहेत” ऐवजी “रात्री किती झोपलीस” विचारते. उत्तर लांबलचक येतं. मी सल्ले देत नाही. कठीण जातं.

गटातल्या एका काकांनी सुचवलं, म्हणून आईने माळ्यावरून जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि बाबांना लाल पेन दिलं. संध्याकाळी पाच ते सात, त्यांच्या सगळ्यात अस्वस्थ वेळेत, ते आता पेपर तपासतात. बेरीज चुकते, पण बरोबरच्या खुणा नीट पडतात. परवा आई म्हणाली, “तोच पेपर चौथ्यांदा तपासला. दर वेळी दोन मार्क वाढवतात.”